कोटिंग मशीनवर पुन्हा पुन्हा येणारे आडवे पट्टे: आधी अंतर मोजा

स्क्रीन प्रिंटिंगसाठी इमल्शन (उजेडानं पक्कं होणारं रसायन) चढवलेली स्क्रीन सुकते, पिवळ्या दिव्यासमोर धरली की इमल्शनमध्ये आडवे फिकट-गडद पट्टे दिसतात. मशीन पुसून घेतलं, इमल्शनचा नवा डबा फोडला, की आठवडाभर बरं चालतं आणि पट्टे परत हजर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत आपल्या मापाचं उभं कोटिंग मशीन बनवून घेतलेल्या छपाईवाल्यांची ही नेहमीची तक्रार. पहिला संशय इमल्शनवर जातो आणि तिथंच वेळ वाया जातो. इमल्शन बिघडलं तर पिनहोल (सुईच्या टोकाएवढी भोकं) येतात, बुडबुडे येतात, ओघळ येतात. सरळ रेघेत, ठरावीक अंतरानं पट्टे पाडणं इमल्शनला जमत नाही. ते काम मशीनमधला एखादा भाग करत असतो आणि पट्ट्यांमधलं अंतर तो भाग कोणता ते सांगतं.

गणेश मंडळाच्या टी-शर्टवर चार इंची ठोकळ अक्षरं छापायची असतील तर हे पट्टे खपून जातात. पण फुटबॉलच्या जर्सीवर बारीक रेघांचं बोधचिन्ह असेल, हाफटोन (बारीक ठिपक्यांचा) फोटो असेल किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्याची कंट्रोल पॅनेलची पट्टी असेल, तर प्रत्येक पट्टा छपाईत उतरतो. जिथं थर जाड तिथं नेहमीचं एक्स्पोजर (इमल्शन पक्कं करायला दिलेला उजेड) कमी पडतं. धुताना स्क्वीजीच्या (शाई ओढायच्या) बाजूला बुळबुळीत थर सुटतो आणि काही शे छपायांनंतर स्टेन्सिल (पक्क्या इमल्शनचा साचा) नेमकी तिथंच फुटते. जिथं थर पातळ तिथं मेशची (फ्रेमवर ताणलेल्या जाळीची) वीण उघडी पडते आणि रेघेची कड करवतीसारखे दाते पाडते. सरासरी जाडी बरोबर असली तरी हे दोन्ही दोष एकाच स्क्रीनवर एकमेकांशेजारी येतात. म्हणून एक्स्पोजरचा वेळ बदलून हा प्रश्न सुटत नाही.

हिशेबासाठी धरलेलं मशीन

पुढचे आकडे एका ठरावीक मशीनचे आहेत: उभा सांगाडा, दोन बाजूंना लिनियर रेल, त्यावर कोटरची (इमल्शन भरून धारेनं मेशवर थर देणाऱ्या पन्हळीची) गाडी, गाडी ओढायला एचटीडी ५एम (५ मिमीवर दाता असलेला) टायमिंग बेल्ट, वर २० दात्यांची पुली, त्यामागं ५:१ गिअरबॉक्स आणि स्टेपर मोटर, कोटर मेशवर टेकवायला हवेचे दोन छोटे सिलिंडर. २० दाते गुणिले ५ मिमी, म्हणजे पुलीच्या एका फेरीला गाडी १०० मिमी चढते आणि मोटरच्या एका फेरीला २० मिमी. मोटरचा ड्रायव्हर फेरीला १६०० पल्सवर (मोटर पुढं सरकवणारे विजेचे ठोके) लावला असेल तर मिलिमीटरला ८० पल्स लागतात. सेकंदाला ५० मिमी चढायचं तर सेकंदाला ४००० पल्स.

तुमच्याकडे दाते वेगळे असतील, बेल्टऐवजी बॉल स्क्रू असेल, तर हाच हिशेब तुमच्या मापानं करा आणि मशीनच्या सांगाड्यावर मार्करनं लिहून ठेवा. दात्याचं अंतर, पुलीच्या फेरीचं अंतर आणि मोटरच्या फेरीचं अंतर हे तीन आकडे हाताशी नसतील तर पट्ट्याचं अंतर मोजूनही त्यातून काही कळणार नाही.

चाचणीची स्क्रीन

१२० टी (सेंटीमीटरला १२० धागे) मेशची एक ॲल्युमिनियम फ्रेम घ्या. ताण टेन्शन मीटरनं मोजून २० ते २५ न्यूटन प्रति सेंमी असलेली. लाकडी चौकटीवर स्टेपल केलेली जाळी या चाचणीला चालणार नाही, तिचा ताण कोपऱ्या-कोपऱ्यात बदलतो. डीग्रीझ करून (तेलकटपणा धुऊन) पूर्ण सुकवा. मशीन दोन्ही बाजूंनी एकदम कोटिंग करणारं असेल तर एक कोटर बंद ठेवा. छपाईच्या बाजूनं फक्त एक थर द्या, गती ५० मिमी प्रति सेकंद. दोन थर एकावर एक चढले की पट्टे एकमेकांत मिसळतात आणि अंतर ओळखू येत नाही.

स्क्रीन आडवी, छपाईची बाजू खाली ठेवून सुकवा. मग पॉझिटिव्ह (डिझाइनची फिल्म) न लावता नेहमीच्या दुप्पट वेळ एक्स्पोज करा. इमल्शन पूर्ण पक्कं झालं की डार्करूमच्या बाहेर, उजेडात निवांत बघता येतं आणि पट्टे कितीतरी स्पष्ट दिसतात. फ्रेमच्या उभ्या कडेला मास्किंग टेपची लांब पट्टी चिकटवा आणि प्रत्येक गडद पट्ट्यासमोर पेनानं खूण करा. दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजू नका. पहिल्या खुणेपासून अकराव्या खुणेपर्यंत मोजा आणि दहानं भागा. ५ मिमी आणि ५.५ मिमी यांतला फरक इथं महत्त्वाचा असतो आणि तो एका पट्ट्यावर मोजपट्टी लावून कळत नाही. पट्टे लांब-लांब असल्यामुळं अकरा मिळत नसतील तर जेवढे आहेत तेवढ्यांवर भागा.

आता दुसरी स्क्रीन, सगळं तसंच, फक्त गती ३० मिमी प्रति सेकंद. पुन्हा अंतर मोजा. अर्ध्याहून जास्त निदान या दुसऱ्या स्क्रीनवर होतं, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते.

गती बदलूनही अंतर मिलिमीटरमध्ये तेवढंच राहिलं, तर दोष जागेला बांधलेला आहे: दाता, पुली, कपलिंग, स्क्रू, रेल. गतीबरोबर अंतर बदललं, म्हणजे ५० ला १० मिमी आणि ३० ला ६ मिमी झालं, तर दोष वेळेला बांधलेला आहे: काहीतरी सेकंदाला ठरावीक वेळा हलतंय किंवा अडखळतंय. या उदाहरणात सेकंदाला ५ वेळा. आणि अंतराला काही नेमच नसेल तर हवेकडे वळा.

अंतर तेच राहतं

१०० मिमी आलं तर वरची पुली केंद्रात नाही. पुलीवर बेल्ट नसताना डायल गेज लावा आणि हातानं एक पूर्ण फेरी फिरवा. काटा ०.४ मिमी फिरला, तर केंद्र ०.२ मिमी सरकलेलं आहे. या पुलीची त्रिज्या साधारण १६ मिमी, म्हणजे गाडीची गती प्रत्येक फेरीत सव्वा टक्का वर आणि सव्वा टक्का खाली जाते. त्याबरोबर बेल्टही ताणतो-सैलावतो आणि गाडीला हलका हेलकावा बसतो. कारण बहुतेक वेळा एकच: पुलीचं भोक शाफ्टपेक्षा थोडं मोठं आणि पकडायला एकच ग्रब स्क्रू. स्क्रू आवळला की पुली एका बाजूला सरकते. उपाय लेथवरचा आहे. भोक शाफ्टला नेमकं बसेल असं नवं बुश टाकून घ्या आणि चावी द्या, किंवा टेपर लॉक पुली वापरा. टर्नरला ‘भोक नीट कर’ एवढंच सांगू नका, शाफ्ट सोबत घेऊन जा. बसवल्यावर डायल गेज पुन्हा लावा, पूर्ण फेरीत काटा ०.०५ मिमीच्या आत राहायला हवा.

२० मिमी आलं तर मोटर आणि गिअरबॉक्समधलं कपलिंग बघा. ते वाकडं बसलंय, त्याचा स्क्रू ढिला झालाय किंवा मधला रबराचा तुकडा झिजलाय.

५ मिमी म्हणजे दाता. बेल्ट ढिला असेल तर दाता पुलीच्या खाचेत पूर्ण बसण्याआधी थोडा वर चढतो आणि गाडी दर दात्याला टिचकी मारल्यासारखी हलते. आधी बेल्ट ताणा. फरक पडला नाही तर पुलीच्या दात्यांवरून नख फिरवा: ॲल्युमिनियमच्या पुलीचे दाते एका बाजूनं झिजून धारदार होतात. खालची आयडलर (बेल्टबरोबर नुसती फिरणारी) पुली लहान व्यासाची आणि दात्यांची असेल तर तिचाही हात असतो. तिथं मोठा व्यास घ्या आणि बेअरिंग फिरवून बघा, खरखर लागली तर बदला. वाळलेल्या इमल्शनचा खडा पुलीच्या एकाच खाचेत अडकला असेल तर मात्र अंतर ५ नाही, १०० मिमी येतं, कारण तो फेरीला एकदाच लागतो. म्हणून पुली काढायच्या आधी दातेरी ब्रशनं साफ करून एक चाचणी घ्या.

बॉल स्क्रूच्या मशीनवर पट्ट्यांचं अंतर स्क्रूच्या लीडएवढं (एका फेरीत गाडी सरकते तेवढं) येतं. १६०५ स्क्रूला ५ मिमी, १६१० ला १० मिमी. स्क्रू वाकलाय किंवा वरचं-खालचं बेअरिंग एका रेषेत नाही. वाकलेला स्क्रू सरळ करत बसू नये.

गिअरबॉक्स नसलेली, स्टेपर थेट पुलीवर बसवलेली मशीन्सही पुष्कळ आहेत. तिथं २ मिमी अंतराची बारीक लहर येते. ५० मिमी प्रति सेकंदाला मोटर सेकंदाला अर्धीच फेरी घेते, म्हणजे १०० पूर्ण स्टेप. स्टेपर मोटर ज्या संथ गतीला स्वतःच थरथरते त्या टप्प्यातच हे पडतं. मायक्रोस्टेप (एका स्टेपचे बारीक तुकडे) वाढवून थोडा फरक पडतो, पण खरा उपाय ५:१ गिअरबॉक्स. मोटर पाचपट वेगानं फिरते, थरथरीचा टप्पा मागं राहतो आणि तीच लहर ०.४ मिमीवर येते. एवढी बारीक लहर ओल्या इमल्शनमध्ये आपोआप सपाट होते.

एकच पट्टा, प्रत्येक स्क्रीनवर, मशीनच्या एकाच उंचीवर येत असेल तर रेल बघा. फ्रेम क्लॅम्पमध्ये ३० मिमी वर सरकवून कोटिंग करा. पट्टा स्क्रीनवर ३० मिमी खाली आला तर दोष मशीनच्या त्या उंचीवर आहे. बेल्ट सोडा, काउंटरवेट सोडा, गाडीला स्प्रिंग काटा अडकवून हळूहळू वर ओढा आणि काट्यावर नजर ठेवा. गाडीच्या वजनापेक्षा काटा एका जागी अचानक वाढला की तिथं गाडी अडते. दोन रेल समांतर नसतील तर असं होतं, किंवा सांडलेलं इमल्शन रेलवर वाळलेलं असतं. समांतर करायला एक रेल घट्ट ठेवा, दुसऱ्या रेलचे बोल्ट सैल करा, गाडी वर-खाली फिरवत तिला स्वतःची जागा शोधू द्या आणि फिरवता फिरवताच बोल्ट आवळत जा.

काउंटरवेटबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची, कारण इथं हेतू चांगला असूनही चूक होते. गाडी अलगद चालावी म्हणून काउंटरवेट गाडीच्या अगदी बरोबरीचं घातलं जातं. मग गिअरबॉक्सवर भार जवळजवळ शून्य राहतो, दाते कधी एका बाजूला कधी दुसऱ्या बाजूला टेकतात आणि गिअरमधली सगळी ढिलाई कोटिंगमध्ये उतरते. काउंटरवेट गाडीपेक्षा २० ते २५ टक्के हलकं ठेवा. ६ किलोची गाडी असेल तर साडेचार-पावणेपाच किलो. भार एकाच दिशेनं राहिला की दाते एकाच बाजूला टेकून चालतात. आणि काउंटरवेट नळीत किंवा गाईडमध्ये चालवा, दोरीवर मोकळं लोंबकळलं तर ते झोके घेतं.

अंतर गतीबरोबर बदलतं

सांगाडा हलत असेल तर तो सेकंदाला दोन-चार-सहा वेळा हलतो. वरच्या टोकाला हातानं एक धक्का द्या आणि फोनवर स्लो मोशनमध्ये किती वेळा डुलतो ते मोजा. चाचणीत निघालेल्या आकड्याशी जुळलं की तिरपे आधार वेल्ड करा आणि वरचं टोक भिंतीला पकडून टाका. शेजारी पॉवर प्रेस चालत असेल तर पायाखाली रबराचे पॅड द्या.

कंट्रोलरचा दोष याहून फसवा. अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर ॲक्सेलस्टेपर या तयार प्रोग्राम लायब्ररीनं पल्स काढले असतील तर तिची झेप साधारण ४००० स्टेप प्रति सेकंदापर्यंतच आहे, आणि आपल्याला नेमके तेवढेच पल्स हवेत. त्यात प्रोग्राम मध्येच एलसीडीवर आकडा लिहायला गेला की पल्स क्षणभर थांबतात. दर २०० मिलिसेकंदाला आकडा बदलत असेल तर ५० च्या गतीला बरोबर १० मिमीवर पट्टा येतो. गाडी चालू असताना डिस्प्लेवर काहीही लिहू नका, ड्रायव्हर १६०० ऐवजी ८०० पल्सवर आणा, म्हणजे गरज २००० वर येते. नवीन बनवत असाल तर हार्डवेअर टायमरवर पल्स काढणारा प्रोग्राम किंवा पल्स आउटपुट असलेला छोटा पीएलसी (कारखान्यात वापरतात तो कंट्रोलर) घ्या.

वायपर मोटर आणि पीडब्ल्यूएम (वीज वेगानं चालू-बंद करून गती ठरवणाऱ्या) रेग्युलेटरवर चालणारी मशीन्स या वर्गात येतात, पण त्यांना नेमही नसतो. डीसी मोटरची गती भार बदलला की बदलते, व्होल्टेज बदललं की बदलते. शेजारच्या गाळ्यात मोठं लेथ सुरू झालं की दिवा मंदावतो, तशीच ही मोटरही. खात्री करायला गाडीशेजारी स्टीलची पट्टी उभी लावा आणि सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. ५० मिमी प्रति सेकंद गती असेल तर १० मिमी चढायला ४८ फ्रेम लागायला हव्यात. पट्टीच्या तळापासून वरपर्यंत दर १० मिमीला फ्रेम मोजत जा. कुठं ४४, कुठं ५२ निघाल्या तर गती आठ टक्क्यांपर्यंत वर-खाली होतेय. अशा मोटरवर बाकीचं काहीही सुधारून उपयोग नाही, आधी मोटर बदला. व्हीएफडीवर (विजेची वारंवारता बदलून गती बदलणाऱ्या ड्राइव्हवर) चालणारी एसी मोटर असेल तर ती १० हर्ट्झच्या खाली चालवू नका. जास्त गुणोत्तराचा गिअरबॉक्स लावून मोटर ३०-४० हर्ट्झवर आणा.

अंतराला नेम नाही

इथं बहुतेक वेळा हवेचा सिलिंडर सापडतो, आणि तो का सापडतो हे समजून घेण्यासारखं आहे.

मेश सगळीकडं सारखी दबत नाही. फ्रेमजवळ ती कडक, मध्यावर सगळ्यात मऊ. कोटर खालून वर जाताना आधी मेशमध्ये हळूहळू आत जातो, मध्यावर सगळ्यात खोल असतो आणि तिथून परत बाहेर ढकलला जातो. म्हणजे सिलिंडरचा दांडा एका जागी थांबत नाही, पूर्ण चालीत काही मिलिमीटर सरकत राहतो, तेही अतिशय संथपणे. सील या संथ गतीला चिकटतं, दाब साठतो, मग दांडा एकदम थोडा सुटतो. पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो. प्रत्येक सुटण्याला एक पट्टा. दांड्याला सर्वात जास्त सरकावं लागतं ते फ्रेमच्या खालच्या आणि वरच्या टोकाजवळ, म्हणून पट्टे तिथं दाट आणि मधल्या भागात विरळ येतात. अशी मांडणी दिसली की दुसरं काही तपासायच्या आधी सिलिंडरकडे या.

चूक सिलिंडर निवडण्यात झालेली असते. ४०० मिमीच्या कोटरला दोन्ही बाजू मिळून साधारण ४० ते ५० न्यूटन, म्हणजे चार-पाच किलोंचा दाब पुरतो. हाताशी २५ मिमी बोअरचे सिलिंडर असतात, ते बसवले जातात आणि दाब कमी करण्यासाठी रेग्युलेटर ०.५ बारवर आणला जातो. तिथं प्रत्येक सिलिंडर जेमतेम २५ न्यूटन देतो आणि त्यातला बराच भाग मोठ्या सीलच्या घर्षणात जातो. शिवाय साधा रेग्युलेटर इतक्या कमी दाबाला स्थिर राहत नाही. त्याऐवजी १२ मिमी बोअरचे सिलिंडर २ बारवर चालवा. कोटरवरचा दाब जवळपास तेवढाच, प्रत्येकी सुमारे २३ न्यूटन, पण सील लहान आणि रेग्युलेटर त्याच्या सोयीच्या टप्प्यात. कमी घर्षणाचे सिलिंडर मिळाले तर तेच घ्या. दांड्यावर आडवा भार येऊ देऊ नका. कोटरचा धारक स्वतःच्या छोट्या गाईडवर सरकला पाहिजे, सिलिंडरनं फक्त ढकलायचं.

दोन्ही सिलिंडरना हवा एकाच रेग्युलेटरनंतरच्या टी-मधून, सारख्या लांबीच्या नळीनं द्या. कॉम्प्रेसर सुरू-बंद होताना पट्टा येतोय का ते सहज कळतं: टाकी भरून घ्या, कॉम्प्रेसर बंद करा आणि त्या साठ्यावर दोन स्क्रीन कोट करा. पट्टे गेले तर मशीनसाठी वेगळा रेग्युलेटर आणि लहानशी बफर टाकी बसवा. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, टाकीत पाणी झपाट्यानं साठतं. टाकीचा आणि एफआरएलच्या (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल देणारा संच) वाटीचा कॉक रोज सकाळी सोडा. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की आतलं ग्रीस धुऊन जातं आणि चांगला सिलिंडरही चिकटायला लागतो. पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीनंतर कमी होणाऱ्या पट्ट्यांमागं हे एक मोठं कारण आहे.

एकाच स्क्रीनवर येतं, शेजारच्या स्क्रीनवर नाही

मग मशीन सोडा, फ्रेम मोजा. तेवढ्याच दाबाला मेश किती आत जाईल ते ताणावर उलट अवलंबून असतं. २५ न्यूटनची स्क्रीन १५ वर उतरली तर कोटर दीडपटीहून जास्त आत जातो. सिलिंडरला जास्त सरकावं लागतं आणि जो दोष कडक स्क्रीनवर दिसत नव्हता तो दिसायला लागतो. हातानं कोटिंग करणारा कारागीर सैल स्क्रीन हाताला लागताच दाब आपोआप कमी करतो. मशीनला ते कळत नाही. म्हणून मशीनवर जाणाऱ्या फ्रेम ताणानुसार वेगळ्या ठेवा, एका गटातल्या स्क्रीनमध्ये २-३ न्यूटनपेक्षा जास्त फरक नको आणि १८ च्या खाली आलेली स्क्रीन सरळ पुन्हा ताणायला पाठवा. कोटरही फ्रेमच्या आतल्या मापापेक्षा दोन्ही बाजूंना किमान ३० मिमी कमी हवा, नाहीतर टोकं कडक मेशवर चढतात आणि मधल्या भागाला दाबच मिळत नाही.

पट्ट्यांसारखे दिसणारे, पण वेगळे दोष

सुरुवातीला एकच जाड पट्टा: कोटर टेकल्यावर गाडी लगेच निघाली. टेकल्यानंतर अर्धा ते एक सेकंद थांबा, इमल्शन पूर्ण रुंदीला मेशला भिडू द्या, मग पहिल्या १०-१५ मिमीत गती चढवा. वरच्या टोकाला जाड कड येत असेल तर गाडी थांबण्याआधी कोटर मागं तिरका होऊ द्या, म्हणजे उरलेलं इमल्शन कोटरमध्ये परत येतं. तरीही वरचे-खालचे ४०-५० मिमी डिझाइनसाठी धरू नका.

उभ्या रेघा म्हणजे कोटरची धार. धारेवरून कापसाचा पुंजका हलक्या हातानं फिरवा, जिथं तंतू अडकतील तिथं खड्डा किंवा वाळलेला कण आहे. कोटर वाकलाय का ते बघायला सरफेस प्लेटवर धार टेकवून ०.०५ मिमीचा फीलर गेज सरकवून बघा. उद्यमनगरात सरफेस प्लेट शोधायला लांब जावं लागत नाही.

खाली जाड आणि वर पातळ होत जाणारा थर, कडेला ओघळ: कोटिंगनंतर स्क्रीन मशीनवर उभीच राहिली. उभ्या मशीनची ही अंगभूत अडचण आहे. कोटिंग झाल्यावर मिनिटाच्या आत काढून आडवी ठेवा. पावसाळ्यात ओघळायला जास्त वेळ मिळतो, कारण सुकायलाच जास्त वेळ लागतो. सुकवण्याच्या खोलीत डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आणि तापमान ३०-३५ अंशांवर ठेवा. नुसता पंखा लावला तर ओली हवाच फिरत राहते.

एका भरणीतल्या पहिल्या आणि शेवटच्या स्क्रीनमध्ये फरक पडत असेल तर कोटरमधली पातळी बघा. अर्ध्याच्या खाली गेली की भरा, तळ गाठू देऊ नका. फ्रिजमधून काढलेला डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय ओतू नका आणि सेन्सिटायझर (इमल्शनला उजेडाची जाण देणारं रसायन) मिसळल्यावर बुडबुडे बसायला रात्रभर ठेवा. जानेवारीच्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी त्याच इमल्शनचा दाटपणा सारखा नसतो. ज्यांना नेमकं काम हवंय त्यांनी कोटिंगची खोली २२ ते २५ अंशांवर धरावी.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर चाचणीची स्क्रीन काढा, तीच गती, तोच एक थर. पुली, बेल्ट आणि सिलिंडर एकाच दिवशी बदलले तर पट्टे गेले तरी कशानं गेले ते कळत नाही, आणि तीन महिन्यांनी परत आले की सगळं पहिल्यापासून सुरू. चाचणीच्या स्क्रीनवरच्या मास्किंग टेपच्या पट्ट्या तारीख आणि गती टाकून वहीत चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी नवी पट्टी जुन्याशेजारी धरली की अंतर तेच आहे की नवं, हे लगेच दिसतं.

पट्टे असलेल्या, पण अजून एक्स्पोज न केलेल्या स्क्रीन धुऊन टाकायची घाई नको. मोठ्या अक्षरांच्या कापडी पिशव्या, खोक्यांवरचे शिक्के अशा कामांना त्या चालतात. एक्स्पोजर मात्र सगळ्यात जाड पट्ट्याच्या हिशेबानं द्या, बारीक रेघ थोडी भरली तरी चालेल, छपाई सुरू असताना स्टेन्सिल फुटायला नको.